फोटोतला निरोप

माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याचा श्वास बदलतो. चिखलीच्या एका कचेरीत मी वीस वर्षं टेलिफोनवर बसतो, त्यामुळे हे मला डोळ्यांवाचून कळतं. डोळे जन्मापासूनच नाहीत. संशय मात्र पोटभर आहे, आणि आमच्या अंध क्रिकेटच्या ग्रुपचा मी प्रमुख झालो तो त्याच जोरावर.

आमचा चेंडू प्लास्टिकचा, आत छर्रे. तो खुळखुळत जमिनीलगत येतो आणि आम्ही आवाजावर बॅट फिरवतो. अकरांत चार तरी पूर्ण अंध लागतात, बाकीच्यांना थोडंफार दिसलं तरी चालतं. पूर्वी आम्ही जेमतेम सहा-सात जण होतो. मग फोन बोलायला लागले, पडद्यावरचं वाचून दाखवायला लागले. मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. बायको सरावाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायला लागली, खाली माझा नंबर. देऊळघाटच्या घरात बसल्या बसल्या माझ्याकडे गावोगावचे आवाज गोळा झाले.

आवाजांबरोबर भामटेही आले. एकाने पूर्ण अंध म्हणून नाव लावलं आणि भर सामन्यात हवेत उडालेला, अजिबात न वाजणारा चेंडू पळत जाऊन झेलला. पंचांनी आम्हा सगळ्यांनाच घरी पाठवलं. त्या दिवसापासून मी नियम केला की ग्रुपवर प्रत्येकाने बोलून निरोप पाठवायचा, लिहून नाही.

अशात रोहिणखेडचा एक जण ग्रुपवर आला. व्हिडिओ ऐकला, पूर्ण अंध आहे, खेळायचं आहे, एवढं त्याने कळवलं, तेही लिहून. बोल म्हटलं तर बोलेना. घरात गडबड आहे, असं लिहायचा. माझ्या फोनमधली यंत्राची बाई त्याचे निरोप वाचून दाखवायची आणि मी तिच्याच आवाजात त्याचा खोटेपणा शोधत बसायचो. चेंडू कुठे मिळतो, उजव्या बाजूचा चेंडू कसा अडवायचा, असे बारीक प्रश्न. मला वाटलं, हा डोळस आहे. अंधत्वाच्या खोट्या सर्टिफिकेटवर सवलती खाणारा असणार.

मग मी सापळा लावला. बायकोला कागदावर लिहायला सांगितलं, 'रविवारचा चिखलीचा सराव रद्द.' त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आमचे फोन फोटो आला की नुसतं 'फोटो' म्हणतात आणि गप्प बसतात. पूर्ण अंध म्हणवून आतलं वाचेल तो डोळस, असा माझा हिशेब.

"माणसाले इतकं पारखू नये," बायको म्हणाली.

दोन मिनिटांत रोहिणखेडचं उत्तर आलं, 'बरं. मग रविवारी येणं नाही होणार.' मी त्याला तिथल्या तिथे ग्रुपमधून काढलं आणि बाकीच्यांना बोलून कळवलं, सराव आहे, दहा वाजता या. त्या रविवारी मी फार खुशीत खेळलो, हे खोटं कशाला बोलू.

सोमवारी कचेरीतून घरी आलो आणि त्याच नंबरवरून फोन आला. पलीकडे एक मुलगी होती.

"भाऊ, मले काऊन काढलं?"

मी ताठ आवाजात विचारलं, फोटोतलं कसं वाचलं?

"फोटो वाचणारं ॲप येते ना. तुमच्या फोनात नाही काय? मले वाटलं सगळ्याइकडे असन." मग ती म्हणाली, "मी बोलत नव्हती कारण ग्रुपवर सगळे माणसं. घरी ऐकू गेलं असतं तं फोनच घेतला असता. लय दिवसांनी बाबाले सांगतलं. ते म्हणे, एक रविवार चाल, पाहू कोण लोकं हायेत. तुम्ही रद्द म्हणलं तं राह्यलो घरी. मग भावानं व्हिडिओ पाह्यला. तुम्ही तं खेळून राह्यले होते. बाबा म्हणे, फसवे लोकं हायेत, आता नाव नोको काढू."

तिचा श्वास कुठेच बदलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी बॅगेत चेंडू टाकून मी निघालो. घाट उतरून मोताळा, तिथून जीपने रोहिणखेड. जुन्या मशिदीपाशी उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या अंगणात पोचलो. तिच्या बाबांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. फोटो खोटा होता, तो मी मुद्दाम टाकला होता, तुमच्या मुलीची यात काहीच चूक नाही.

मग माझ्या तोंडासमोर वारा हलला. एकदा, दोनदा. ते हात हलवून पाहत होते, मला खरंच दिसत नाही ना म्हणून.

मला राग आला नाही, लाज वाटली. मी मान न हलवता बसून राहिलो आणि त्यांना हवा तेवढा वेळ हात हलवू दिला.

हात थांबल्यावर मी चेंडू काढला आणि दाराच्या दिशेने सोडला. तो सारवलेल्या अंगणातून खुळखुळत गेला. बांगड्या वाजल्या, दोन्ही तळवे जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि चेंडू गप्प झाला. उजव्या बाजूचा होता.

"आणखी बाया हायेत काय तिथं?" बाबांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "उद्यापासून माझी बायको मैदानावर बसेल. ही आली तर दुसऱ्याही येतील."

"किती वाजता असते?"

"दहा वाजता," मी तोंडाने सांगितलं.