बेटावर न उतरलेली रोपं

तपासनीसांबद्दल मला खरं तर फारसं माहीत नाही. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती, पण त्यांना भावंडं किती, हेही मी कधी विचारलं नाही. तेव्हा हे मी लिहावं का, अशी शंका आहे. दुसरं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

आमचं बेट संरक्षित. समुद्रपक्षी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि माणसं ते पाहायला बोटीने येतात. धक्क्यावर मी तिकिटं फाडायचो, तपासनीस लोकांच्या बुटांचे तळवे घासायचे. चिखलातून परकं बी येऊ नये, पिशवीतून उंदीर-मुंगी येऊ नये, एवढंच त्यांचं काम. लग्नानंतर त्यांचा जावई पहिल्यांदा आला, तर त्याचेही बूट त्यांनी काढून घेतले.

मुलगी म्हणाली, "बाबा, निदान आज तरी."

"आज काय बियांना सुट्टी आहे?"

जावई मोज्यांवर उभा राहिला. पुढे तो फारसा आला नाही.

मग खात्याला बेटाचं रक्षण करायची लहर आली. 'हिरवं बेट' सप्ताह ठरला. उघडी जमीन बरी दिसत नाही, म्हणून मुख्य भूमीवरून बोटीने तीनशे रोपं आली, कुंड्यांसकट, आणि ती लावायला साहेब नि पाहुणे. झाडीत अंडी घालता येत नाहीत ही पक्ष्यांची अडचण, आणि पक्ष्यांना कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.

तपासनीसांनी बोटीतच एक कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. मातीतून लाल मुंग्या भराभरा निघाल्या. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला त्या जिवंत पोखरतात.

साहेब म्हणाले, "अहो, मुंग्या कुठे नसतात?"

"इथे नसतात."

"हा खात्याचा कार्यक्रम आहे."

"मुंग्यांना सांगितलंय का तसं?"

"बाजूला व्हा. पाहुणे खोळंबलेत."

ते बाजूला झाले नाहीत. बोट आणि धक्का यांमधल्या फळीवर मांडी घालून बसले. नोकरीवर गदा येईल हे त्यांना कळत होतंच. मी तर नुसत्या कल्पनेने दोन तिकिटं उलटी फाडली. तासाभराने पाहुण्यांनी बोटीतच एकेक रोप हातात धरून फोटो काढले, पर्यावरणावर भाषण झालं, आणि रोपं आली तशी परत गेली.

चौकशीत मी साक्षीदार होतो. 'गर्दीमुळे नीट दिसलं नाही,' असं लिहून दिलं. धक्क्यावर तेव्हा आम्ही चौघं होतो. माझ्या निर्भीडपणाचा एवढा एकच लेखी पुरावा आहे.

त्यांची बदली मुख्य भूमीवर, जुन्या फायलींच्या खोलीत झाली. तिथे अनुभवी माणूस हवा होता म्हणे. त्यांच्या जागी कुणाला नेमायला खात्याला सवड नव्हती, म्हणून काम तात्पुरतं माझ्याकडे आलं. निवृत्त होईपर्यंत ते तात्पुरतंच राहिलं.

ते निघाले त्या सकाळी मी माफीची दोन वाक्यं पाठ करून गेलो. बोट लागली होती, माणसं उतरत होती. ते ट्रंकेपाशी उभे होते.

"तुमच्याशी जरा बोलायचं होतं," मी म्हणालो.

ते माझ्या मागे पाहत होते. "तो पांढऱ्या बुटांचा तसाच चाललाय."

"बघतो."

"टाचेच्या खाचेत बघा. तिथे अडकतं."

"बरं," मी म्हणालो, आणि त्या माणसामागे गेलो.