थुंकी वाळू द्यायची

पुण्याहून निघताना विमानतळावर आई एवढंच म्हणाली होती, "कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नकोस. परका देश आहे." मी मान डोलावली होती.

हॅम्बर्गला पीएचडी करताना लिन ही चिनी मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. २००४ सालच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघी एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, घरी चाललो होतो. समोर बिअरचा भपकारा मारत बसलेला माणूस लिनकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि थेट तिच्या तोंडावर थुंकला. ती पिवळट, फेसाळ लाळ गालावरून हनुवटीकडे ओघळली. लिन हलली नाही. डबा भरलेला होता. कुणी खिडकीबाहेर बघायला लागलं, कुणी पेपर वर धरला. रुमाल काढून मी तिचा गाल पुसला. तो माणूस उठून माझ्यासमोर उभा राहिला. मग स्टेशन आलं आणि तो उतरून गेला.

"पुसायला नको होतंस," लिन म्हणाली.

तिच्या खोलीवर बेसिनपाशी तोंड धूत तिने सांगितलं, "आमच्याकडे चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, थ्वो म्येन त्झ कान. तोंडावरची थुंकी आपोआप वाळू द्यायची. म्हणजे अपमान निमूट गिळायचा."

मग तिने चीनमधल्या तांग राजांच्या काळातली गोष्ट सांगितली. एका मंत्र्याचा धाकटा भाऊ अधिकारी होऊन दूरच्या प्रांताला निघाला होता. तो म्हणाला, कुणी तोंडावर थुंकलं तरी मी चिडणार नाही, नुसतं पुसून टाकेन. मंत्री म्हणाला, तीच तर काळजी आहे. पुसलंस तर तो आणखी भडकेल. हसून घे, वाळेल आपोआप.

"मी निघाले तेव्हा बाबांनी हेच सांगितलं," लिन म्हणाली आणि तिने पुन्हा साबण लावला. गाल सोलवटायला आला होता.

मला त्या मंत्र्याची किळस आली. थुंकणाऱ्याइतकीच.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या अंगावर नाही ना उडालं?"

"नाही."

"मग झालं तर. तू कशाला मध्ये पडलीस?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लिन वर्षभरात मायदेशी परतली. मी इथेच राहिले. अजूनही डब्यात कुणी कुणाला बघून नाक मुरडलं की मी मोठ्याने विचारते, "वास इस्ट?" म्हणजे जर्मनमध्ये, काय झालं? लोक माझ्याकडेच वळून बघतात. बघू देत. घाणीला घाण म्हणताना ती कुणाच्या चेहऱ्यावर उडाली हे जिथे आधी बघावं लागत नाही, ते माझं घर. पुण्यात मला ते कधी मिळालं नव्हतं.