गोटीच्या बाटलीतली बिअर

नांदुऱ्याची चार माणसं भेटली की किस्से निघतात, आणि दर बैठकीला त्यांत भरच पडते. या वयात मला धाकधूक असते, की मी सांगतोय ते पाहिलेलं की नुसतं ऐकलेलं? नागपूरची एम.एस्सी. इथे कामाची नाही. पण गुलाबरावांच्या सोडा फॅक्टरीतलं मी स्वतः उभं राहून पाहिलंय. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी शाळेत सायन्स शिकवायचो.

*

कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतला गोरा इंजिनिअर बंगल्यावरच बिअर करायचा. मार्चात अमरावतीला मित्राच्या निरोपाची पार्टी होती. त्यानं बुचाच्या बाटल्या भरून पाहिल्या. उन्हानं त्या फटाफट फुटल्या. शेवटी पिंप बैलगाडीत घालून साहेब फॅक्टरीत आला आणि गोटीच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला, यात भरा.

गुलाबराव दारूला कधी शिवलेले नव्हते. साहेबाला नाही म्हणायची सोय नव्हती. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मास्तर, हे उतू गेलं तं?"

*

गेलंच! पहिल्या बाटलीचा फेस साहेबाच्या टोपीवर. साहेबानं टोपी काढली, काठ बोटानं पुसून चाखला आणि मान डोलावली.

मी भीतभीत सुचवलं, पिंपाला ओली पोती गुंडाळू, गार झालं की फेस कमी येईल. गुंडाळली. पुढची बाटली शहाण्यासारखी भरली. साहेबानं हात मिळवला. तो हात मी दिवसभर धुतला नाही.

*

भरलेली बाटली उलटी धरली की आतल्या वायूनं गोटी रबराला घट्ट बसते. पण काच तग धरेल का? मी सगळ्यांना भिंतीआड नेलं. बराच वेळ काहीच होईना.

"मास्तर," गुलाबराव म्हणाले, "फुटाची तवा फुटंल. चहा थंडा होऊन राह्यला."

एकही फुटली नाही. आमच्या नांदुऱ्याच्या बाटल्या होत्या त्या!

*

चूक एकच झाली. कुणी पाहू नये म्हणून आम्ही भरदिवसा फॅक्टरीचं दार लावून घेतलं होतं. बंद दार पाहून अर्ध्या गावानं फटीला डोळे लावले. आम्ही घाबरून अर्धं पिंप तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. ऊन रणरणतंय आणि गुलाबरावांच्या लेमन सोड्याला कुणी हात लावेना. उन्हाळा असा गेला असता, तर फॅक्टरीला कुलूपच.

*

दुपारी धान्याचे अडते शेठ आले. सोवळ्याचे कडक; परक्या घरी पाणी प्यायचे ते फक्त गुलाबरावांच्या आईच्या हातचं. त्यांनी भर बाजारात विचारलं, "गुलाबराव, साहेबाची दारू याच मशिनीतून गेली का?"

गुलाबराव पुसलेलीच बाटली पुन्हा पुसू लागले.

आतून माय आल्या. हात ओले, पदर खोचलेला.

"हाव, याच मशिनीतून गेली. मंग मशीन धुतली मीनं. काऊन शेठ, माह्या हातचं धुतलेलं चालत नाही का तुमाले?"

शेठ खाली पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "एक लेमन द्या."

मायनं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. साहेबाचं उरलेलं पिंप बाजाराच्या तोंडासमोर ओढलं आणि नळी लावली.

"बसा जरा. साहेबाचा नंबर पयला हाय. हे भरते, मशीन धुते, मंग तुमची लेमन."

शेठ बसले.