माझ्याच आवाजाने आईची गोळी थांबवली

मित्रांनो, दवाखान्यातूनच लिहितेय.

स्वतः विचार करून निर्णय घेणाऱ्या एआयवर मी संशोधन करते. आई धानोऱ्याला एकटी असते. रक्तदाबाच्या गोळीची रोज आठवण करून द्यायला तसाच एक एआय मी तिच्या फोनवर बसवला होता. तो माझ्या आवाजात बोलायचा.

आज सकाळी घरी पोचले, तर आई ओट्यापाशी भिंत धरून खाली बसलेली. तशीच नंदुरबारला दवाखान्यात नेली. रक्तदाब भलताच वाढला होता.

"गोळी घेतली नाहीस?" मी ओरडलेच.

"तूच सांगेल व्हतं ना फोनवर! चक्कर ई ऱ्हायनी तं गोळी लेऊ नको."

चक्कर येतेय तर गोळी घेऊ नको, असं मी काहीच बोलले नव्हते. एआयने केलेला विचार फोनवर उघडून वाचला. आई चक्कर येते म्हणाली, गोळीने चक्कर येऊ शकते, तिला त्रास नको, म्हणून गोळी थांबवावी. वाचताना प्रत्येक पायरी मलाही पटत गेली. खरी भीती तिथेच वाटली.

आई आता बरी आहे. एआय काढून टाकलाय. मघाशी औषधं घ्यायला खाली गेले आणि तिला फोन केला.  माझा आवाज ऐकून ती हळूच म्हणाली, "तूच शे ना, बेटा?"

फोनवर खरंच मीच आहे, अशी तिची खात्री पटेल असं काय सांगितलं असतं तुम्ही?