कललेली रायफल

फौजेतून परतलेला धर्मपाल बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर सरकीची पोती वाहायचा. त्रेसष्ट साली, चीनच्या लढाईनंतर, गावात होमगार्डचे पथक निघाले, तेव्हापासून दर रविवारी तो त्यात भरती झालेल्या तिथल्याच हमालांना नेमबाजी शिकवू लागला.

"रायफल कलती धरू नका रे. जवळ खपून जाते. तीनशे यार्डांवर गोळी कलत्या बाजूले अन् खाली जाते," हे सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. तरी सगळ्यांच्या गोळ्या उजवीकडेच जात.

शेवटी वैतागून तो स्वतःच आडवा पडला आणि त्याने पाच गोळ्या झाडल्या. पाचही निशाणाच्या पाटीच्या उजव्या, खालच्या कोपऱ्यात लागल्या.

"उस्ताद, पोते वाहून वाहून तुमचाबी उजवा खांदा खचला," हमालांतला नत्थुजी हळूच म्हणाला.

सोमवारी धर्मपालने पोते डाव्या खांद्यावर घेतले. दहा पावलांत ते पुन्हा उजव्यावर आले.