गेटसरांचे बारा दिवस

'गेट म्हणजे मिळणे' असं कुणी म्हटलं की गेटसरांचा पारा चढायचा. खडू फळ्यावर आपटून ते ओरडायचे, "आय गेट अँग्री म्हंजे मला राग मिळतो? रेशनवर वाटत्यात व्हय राग?" सात रस्त्याजवळच्या त्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासमध्ये आम्ही वीसजण होतो, बहुतेक सगळे मुलाखतीत तोंडातून शब्द न फुटल्यामुळे घरी परतलेले. सर मूळचे मंगळवेढ्याचे. मराठी अस्सल गावाकडचं आणि इंग्रजी मात्र ऐकत राहावं असं.

अर्थ लिहून द्यायला ते साफ नकार देत. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक वाक्य आणायचं, हा त्यांचा नियम. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मी भीत भीत म्हटलं, "माय फादर गेट्स टायर्ड." सरांनी ते सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं. "हे तुजं इंग्रजी, पोरी. गाइडातलं न्हाय," म्हणाले. त्या संध्याकाळी मी ते वाक्य वडिलांनाही ऐकवलं.

उठणं, पोचणं, भिजणं, बरं होणं, समजणं. 'गेट' या एका क्रियापदावर बारा दिवस गेले आणि क्लासच्या मालकाचं डोकं फिरलं. बाहेर पाटी होती, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. सरांना तोंडावर बोलायची हिंमत त्या भित्र्या माणसात नव्हती. एका सकाळी सर यायच्या आधी मालक एक कागद घेऊन आला. "बॅचची वेळ बदलायचा अर्ज आहे, पटापट सह्या करा." आम्ही केल्या. दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला, सर वैयक्तिक कारणामुळे क्लास सोडत आहेत. धादांत खोटं! आमच्या सह्यांचा तो कागद विद्यार्थ्यांची तक्रार म्हणून दाखवून त्यानं सरांना काढल्याचं आम्हाला त्याच दिवशी कळलं. आजही त्या पाटीखालून जाताना माझं डोकं तापतं.

मी तडक सरांच्या खोलीवर गेले. ते पुस्तकं गोणीत भरत होते.

"सर, त्या माणसानं फसवलं हो आम्हाला!"

त्यांनी खिशातून त्याच अर्जाची झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली. "वाच."

साध्या इंग्रजीतली चार वाक्यं होती. बारा दिवसांत सरांनी शिकवलेलं आम्हाला काहीही समजलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली चौथी सही माझी.

"सर, हे सगळं खोटं आहे."

"सही करताना वाचलंस व्हय?"

"नाही."

"मग ह्यात खोटं काय हाय?" सर ओरडले.