ताणीच्या चिंचेचा घेर

शालिकराम सोनकुसरे बागखात्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी साहेबांनी त्यांना नारळ दिला, शाल दिली आणि वर एक रोप दिलं. पस्तीस वर्षं झाडंच मोजलेल्या माणसाला रोप देणं म्हणजे हलवायाला पेढे देणं. पण त्यांनी ते घेतलं, आणि सवयीनं आधी त्याच्या काडीएवढ्या बुंध्याकडे पाहून घेराचा अंदाज घेतला.

घरी बसणं त्यांना तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी ते प्रताप नगरातल्या आपल्या गॅलरीतून शेजाऱ्यांच्या झाडांवर शेरे मारू लागले, तेव्हा चंद्रकलाबाईंनीच त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून ते सदर भागातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसचं काम करतात. नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी प्लॉटवरचं झाड मोजायचं, त्याची तब्येत लिहायची आणि बुंध्याच्या जाडीच्या बारापट अंतरावर भोवती वर्तुळ काढायचं. वर्तुळाच्या आत मुळं. तिथे खोदायचं नाही, विटांचा ढीगसुद्धा घालायचा नाही. ऑफिसातली मेघा वयानं त्यांच्या मुलीसारखी, हुद्द्यानं साहेब. ती याला ‘काकांचा गोल’ म्हणते.

या मार्चात मेघानं नव्या प्लॉटचा पत्ता सांगितला आणि शालिकरामांच्या हातातला चहा तसाच राहिला. लकडगंजच्या पलीकडची कोष्ट्यांची गल्ली. ते तिथेच जन्मले, मागांच्या खटखटीत झोपायला शिकले. पुढे माग बंद पडले, घरं विकली गेली. बावीस वर्षांत त्यांचं पाऊल तिकडे वळलं नव्हतं. ऑटो जात होते, अडचण काहीच नव्हती. पण गल्लीत शिरलो आणि खटखट ऐकू आली नाही तर काय करायचं, हे काही त्यांचं ठरत नव्हतं.

खटखट नव्हतीच. घरं पाडून मोकळा केलेला प्लॉट होता आणि त्यात एकटी चिंच उभी होती.

या चिंचेपासून समोरच्या खांबापर्यंत वडील रोज सकाळी ताणी, म्हणजे कापडाचे उभे धागे, ताणायचे. आई चिंचोक्याची खळ शिजवायची आणि सगळं घर कुंचे घेऊन ती धाग्यांना पाजायचं. सावली याच झाडाची, खळही याच झाडाची. घरच्या कर्त्या माणसांत चिंचही धरलेली असे. शालिकरामांकडे दोर ओढून धरायचं काम. जरा हात सैल पडला की वडील न वळता म्हणायचे, “ढील देऊ नको गा.” वर्षानुवर्षं दोर बांधून बुंध्याभोवती छातीच्या उंचीवर चार बोटं खोल खाच पडली होती.

शालिकरामांनी टेप गुंडाळला, आकडा लिहिला आणि काम संपल्यावरही ते तासभर तिथेच घुटमळले. कोणी विचारलंच तर ‘कीड पाहून राहिलो’ असं सांगायची तयारी होती. कोणी विचारलं नाही.

त्यांच्या आकड्यावरून मेघानं गोल काढला. जमिनीखालची पाण्याची टाकी गोलाच्या जेमतेम बाहेर बसली. नकाशा गुरुवारी दाखल व्हायचा होता.

बुधवारी जेवताना त्यांनी बायकोला चिंचेचं सांगितलं. चंद्रकलाबाई लग्न होऊन त्याच गल्लीत आल्या होत्या. हळद उतरायच्या आत त्यांच्या हाती खळीचा कुंचा आला होता.

“खाच आहे अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे नं.”

“मोजलं कुठून?”

शालिकरामांनी हात छातीशी धरला. चंद्रकलाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

“तिथंच तं मामंजी दोर बांधत होते. तुम्ही झाड मोजलं का खाच मोजली?”

त्यांनी हात खाली घेतला. छातीच्या उंचीवर गाठ किंवा खाच असेल तर टेप वर सरकवायचा, हे त्यांनी खात्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला दटावून शिकवलं होतं. आणि त्यांचा स्वतःचा हात मात्र दोर जायचा तिथेच गेला होता. घेर कमी भरला, म्हणून गोल लहान निघाला. त्या टाकीसाठी खोदलं की चिंचेची मुळं तुटणार होती.

सकाळी ऑफिस उघडायच्या आत ते तिथल्या पायरीवर बसून होते. मेघानं सगळं ऐकलं. मालकाला नकाशा पसंत पडलाय, आज दाखल करायचाय, असं ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “काका, तुमच्याकडून?” ते त्यांना जास्त लागलं.

“चूक माह्या हाताची आहे, मॅडम. मुळं तिचे काहून कापाचे?”

मेघानं नकाशा थांबवला आणि ती त्यांना घेऊन प्लॉटवर गेली. या वेळी टेप खाचेच्या वर लागला. गोल साडेपाच फुटांनी वाढला आणि निम्म्याहून जास्त टाकी त्याच्या पोटात गेली. टाकी दुसऱ्या टोकाला न्यायची म्हणजे तीन स्कूटरांची जागा जाणार. मालक ताराचंदजींनी फोनवर बरंच काही ऐकवलं. मेघानं ते फोन कानापासून दूर धरून ऐकलं आणि शेवटी ‘झाड मेलं तर टाकीवरच पडेल’ एवढंच म्हणाली. टाकी सरकली.

मग तिनं तक्त्यातला झाडाच्या तब्येतीचा रकाना दाखवला. “खोडावर जखम, असं लिहू?”

“जखम नाही ते.”

“मग?”

“ताणीच्या दोराची जागा.”

“मंजुरीवाले विचारतील, हे काय म्हणून.”

“विचारू द्या. मी सांगीन.”

तिनं तसंच लिहिलं. शालिकरामांनी जमिनीवर चुन्याचा गोल पूर्ण केला. मग बुंध्याशी जाऊन, समोरचा खांब असायचा त्या दिशेनं, अंदाजानं हात मोजत ते निघाले. गोल ओलांडला, तरी चालत राहिले. शेजारच्या नव्या इमारतीच्या भिंतीशी थांबावं लागलं. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फोडणी पडली. शालिकराम भिंतीकडे तोंड करून उभेच होते.

काही मोजायचं राहिलं असेल, असं वाटून मेघानं कागद सरसावला. “काका, किती लिहू?”

“लिहू नका,” ते म्हणाले. “ताणी अजून बारा हात जात होती.”